पाणी लागेल तसं

घाई नाही, असं समजा.

असली, तरी अर्धा तास समजा.

ओट्यावर थालीपीठाच्या भाजणीचं पाकीट ठेवा. दुकानातून आणलेलं, अर्ध्या किलोचं, अजून न फोडलेलं. शेजारी परात. परातीशेजारी तांब्याभर पाणी.

एवढंच. कांदा टोपलीतच राहू द्या. तवा भिंतीला टेकलाय, तसाच असू द्या. गॅस पेटवायला अवकाश आहे.

ओट्यासमोर उभं राहा. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेका. फरशी गार लागते का, बघा.

श्वास घ्या. सोडा.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होतेय. होऊ द्या. ती तुम्हाला मोजायची नाही.

पुन्हा एक श्वास.

आता पाकीट हातात घ्या.

तळव्यावर त्याचं वजन जाणवू द्या. जरा हलवा. आतून येणारा आवाज ऐका. डाळ हलवली की खडखडते, रवा सरसरतो. भाजणी जवळजवळ बोलतच नाही. एक जड, दबका आवाज येतो, आणि पीठ एका कोपऱ्यात जाऊन बसतं.

पुन्हा हलवा. पुन्हा ऐका.

पाकीट उलटं करा. मागची बारीक अक्षरं दिसतायत? चष्मा लागत असेल तर लावा. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका आहे. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे. ते सोडून द्या. घटकांपाशी या.

ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. प्रत्येक पाकिटाची यादी वेगळी, कारण प्रत्येक घराची भाजणी वेगळी. तुमच्या हातातली यादी वाचा. मोठ्यानं नको. ओठ हलले तरी पुरे.

ज्वारी.

बाजरी.

तांदूळ.

हरभरा डाळ.

उडीद डाळ.

गहू.

धणे. जिरे.

दोन नावांच्या मधे श्वास घेण्याइतकी जागा ठेवा. पुन्हा वाचलंत तरी चालेल.

आता पहिल्या नावाकडे परत या. ज्वारी. तिथंच थांबा.

डोळे मिटा. सोलापूर जिल्हा. मंगळवेढ्याची काळी जमीन. पावसाळा सरत आलाय, आभाळ मोकळं झालंय, आणि आता कुठे पेरणी चाललीय. ही रब्बीची ज्वारी, मालदांडी. हिच्या वाट्याला पाऊस फारसा येत नाही. जमिनीत जी ओल मुरलीय, तिच्यावर हिचं सगळं चालतं. मुळं खाली जातात. आणखी खाली जातात.

तुमच्या पाकिटातली ज्वारी मंगळवेढ्याचीच असेल असं नाही. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ती सहसा भाकरीसाठी मिरवत विकली जाते. असू दे. कुठल्या तरी काळ्या रानातली ही आहे. कुठली तरी ओल तिनं वर ओढून घेतलीय.

थंडी पडते. कणीस भरतं. हुरड्याच्या दिवसांत दाणा नखानं दाबला तर आतून दूध येतं. बघा ते दूध. नखाच्या कडेला जमलेला पांढरा थेंब.

त्या थेंबापाशी जरा थांबा.

मग ऊन चढतं. दूध आटतं. दाणा कडक होतो. ज्वारी काढतात, कणसं खुडतात, खळ्यावर मळणी होते. पोत्यात भरलेल्या दाण्यात आता पाणी थोडंच उरलंय, शंभर भागांत दहा-बारा भाग.

तेही आता जायचंय.

भाजणी म्हणजे हेच. उरलंसुरलं पाणी घालवणं.

श्वास घ्या. सोडा.

तवा नव्हे, मोठी लोखंडी कढई डोळ्यांसमोर आणा. मंद आच. कढईत एकच धान्य. सगळी एकदम टाकत नाहीत. बाजरीचा दाणा लहान, तो लवकर तापतो. हरभऱ्याच्या डाळीला वेळ लागतो. उडदाच्या डाळीकडे लक्ष नसलं तर ती एका बाजूनं काळी पडते. तांदूळ आधी पांढराशुभ्र होतो, मग फुलल्यासारखा. धणे-जिरे शेवटी, आणि अगदी थोडा वेळ, कारण ते करपले तर सगळ्या भाजणीला कडू करतात.

प्रत्येकाची पाळी. प्रत्येकाचा वेळ.

हात गोल फिरतोय. तो हात बघा.

कुणाचा आहे, ठाऊक नाही. कारखान्यातल्या फिरत्या पिंपाचा असेल, त्याच्याशेजारी उभं राहून रंग बघणाऱ्या माणसाचा असेल. बचत गटाचं पाकीट असेल तर चार-पाच बायकांचा असेल. मुंबईत महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात अशा पाकिटांच्या रांगा लागतात. घेताना आपण वजन बघतो, किंमत बघतो. भाजणाऱ्या हाताला चटका कुठे बसला असेल, हे बघायला तिथं सवड नसते.

आत्ता आहे. बघा.

पाकीट आणलं म्हणून घरात कुणी नाक मुरडत असेल, तर मुरडू द्या. इडली-ढोकळ्याच्या तयार पिठांचं गिट्स पुण्यात १९६३ साली सुरू झालं, म्हणजे ही पाकिटं काही कालची नाहीत. आणि भाजणी तरी दुसरं काय आहे? सातूचं पीठ काय आहे, मेतकूट काय आहे? पाणी सोडून सगळं आधीच करून ठेवलेलं. डब्यात बसून वाट बघणारं. ऐन वेळी पाहुणा आला, पोर शाळेतून भुकेलं आलं, की झाकण उघडायचं.

हा वाद इथंच ठेवू. पाकीट अजून हातात आहे.

कढईतली धान्यं गार झालीयत. गिरणीत गेलीयत. घरची भाजणी दळायला नेली, की आधी विचारायचं, मशीनवर आता काय होतं? गव्हावर चालते. मिरचीवर मुळीच नको. पट्टा सुरू होतो. डबा हातात घेतला तर तळ कोमट लागतो. घरी आलं की झाकण उघडं ठेवायचं. गरम पिठाला घाम येतो, आणि आलेली ओल पुन्हा पिठातच मुरते. म्हणून आधी गार होऊ द्यायचं, मग डबा बंद.

तुमच्या पाकिटातलं पीठही असंच कुठे तरी गार झालंय. मग तोंड सीलबंद झालं. तेव्हापासून ते कोरडं आहे. कोरडं आहे, म्हणूनच टिकलंय.

पाकीट तळव्यावर पुन्हा तोला.

कात्री घ्या.

कोपरा कापू नका. वरची कड सरळ कापा, सावकाश. कात्रीचा आवाज ऐका. प्लॅस्टिक सुटतं, आत अडकलेली हवा हलकेच बाहेर येते.

नाक जवळ न्या.

आता मात्र काही करू नका.

श्वास आत घ्या. नाकानंच. हळू.

सोडा.

आधी काय आलं? धणे? बहुतेक धणेच. मग थोडी उडदाची, जराशी रुक्ष खमंगता. तिच्या मागे हरभरा. ज्वारी-बाजरीला फार वास नसतो. त्या खाली असतात, सगळ्यांना पाठीवर घेऊन.

पुन्हा आत घ्या. या वेळी धणे बाजूला ठेवून त्यांच्या मागे काय आहे ते बघा.

सोडा.

धान्यातली साखर आणि प्रथिनं आचेवर एकमेकांना भेटतात, तेव्हा हा वास तयार होतो. कच्च्या पिठात तो नसतो. मेलार्ड नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली ही प्रक्रिया मांडली. तुम्हाला आत्ता तिचं नाव नको आहे. तिसरा श्वास हवा आहे.

घ्या.

कुणाची आठवण आली तर येऊ द्या. कुठलं स्वयंपाकघर, कुणाचा पदर, दारामागचा कुठला पितळी डबा. तिच्या मागे जाऊ नका. आठवण येईल, थोडा वेळ बसेल, उठून जाईल. वास इथंच आहे.

परात पुढे ओढा.

दोन वाट्या भाजणी घ्या. वाटी पाकिटात बुडवू नका. पाकीट वाकवून भरा. पीठ पडताना बघा. एक लहानशी भुकटी उठते, खिडकीतल्या उजेडात क्षणभर दिसते, मग दिसत नाही.

दुसरी वाटी.

पाकिटातली हवा दाबून काढा. तोंड दोनदा दुमडा, चिमटा लावा, बाजूला ठेवा.

आता परातीत बघा.

रंग कुठला आहे? खाकी म्हणाल, तर तितका नाही. राखाडी म्हणाल, तर त्यात पिवळं आहे. नीट बघितलं की एकच रंग नसल्याचं कळतं. इथं तांबूस ठिपका. तिथं काळसर टरफल. धण्याची एक काडी.

बोट ठेवा. पिठावर एक रेघ ओढा.

रेघ तशीच राहते. भाजणी मैद्याइतकी गुळगुळीत नाही. बोटाखाली कणी लागते. अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर धरून चोळा. कोरडं. पार कोरडं. बोटांवरचा ओलावासुद्धा ते ओढून घेतं.

इथं एक श्वास थांबा.

कांदा. त्याच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. एक घ्या, बारीक चिरा, डोळ्यांत पाणी आलं तर पुसा. मूठभर कोथिंबीर. तिखट, हळद, चिमूटभर ओवा. तीळ आवडत असतील तर तीळ. मीठ. सगळं भाजणीवर टाका आणि कोरड्या हातानंच कालवा. कांद्याला पीठ लागू द्या.

झालं?

आता पाकिटामागची कृती पुन्हा एकदा बघा. भाजणी दोन वाट्या. कांदा एक. मीठ चवीनुसार. आणि पाण्यापुढे बहुधा लिहिलेलं असतं, लागेल तसं.

वाटीचा हिशेब इथं संपला.

छापणाऱ्यालाही याहून जास्त सांगता येत नाही. पावसाळ्यात पीठ वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. भाजणी किती भाजलीय, किती जाडसर दळलीय, कांदा किती रसाळ आहे, सगळ्यावर पाणी अवलंबून. कागद इथून मागे सरतो. पुढे हात.

तांब्या उचला.

परातीत पिठाच्या मधोमध बोटांनी एक खळगा करा. उजवा हात त्याच्यावर धरा, ओंजळ अर्धी उघडी.

तांब्या कलता करा. पाणी आधी तुमच्या तळव्यावर पडू द्या. तिथून पिठात.

बघा.

पाणी पिठावर पडतं आणि क्षणभर तसंच थांबतं. गोल. चकाकतं. वर भाजणीचे दोन कण तरंगतात. पीठ त्याला लगेच आत घेत नाही.

तुम्हीही थांबा.

मग कडेनं रंग बदलू लागतो. पिवळट राखाडी गडद होत जातो. खळग्याची कड विरघळते. पाणी खाली उतरतं. चकाकी जाते.

कधी गेली? बघत असतानाच गेली.

श्वास घ्या. वास पुन्हा आला का बघा. आधीचा नाही. आता तो जड आहे, ओला आहे, धण्यांबरोबर कांदाही आहे.

सोडा.

आणखी थोडं पाणी. तळव्यावरून. पुन्हा बघा.

किती तरी महिन्यांनी या दाण्याला पाणी मिळतंय. रानातली ओल त्यानं ओढली होती, ती उन्हात गेली, कढईत गेली. आता नळाचं पाणी. पालिकेचं, टाकीतलं, फिल्टरचं, जे असेल ते. दाणा विचारत नाही.

हे पाकीट अमेरिकेतल्या एडिसनच्या फ्लॅटमध्ये उघडलं असेल, लंडनच्या भाड्याच्या खोलीत उघडलं असेल. दादरहून निघताना कुणी तरी कपड्यांच्या घड्यांमधे खुपसून दिलं असेल. तिथलं पाणी घ्या. तिथलं चालतं. फक्त पुढे तवा तापवताना खिडकी उघडा, नाहीतर धुराची घंटा वाजेल आणि एवढ्या शांततेचा विचका होईल.

आता बोटं पिठात घाला.

मळू नका अजून. नुसती घाला. काही ठिकाणी चिकट, काही ठिकाणी कोरडं. तळाला अजून पाणी पोचलेलं नाही. तिथलं कोरडं पीठ वर आणा, वरचं ओलं खाली न्या. हळू. बोटं हलवा, तळवा उचला, परात थोडी फिरवा.

आणखी पाणी लागेल का?

उत्तर द्यायची घाई करू नका. भाजणी पाणी उशिरा पिते. आत्ता सैल वाटतंय ते मिनिटाभरानं घट्ट होईल. म्हणून हात आत तसाच ठेवा आणि एक मिनिट काहीच करू नका.

हे मिनिट अवघड जातं. हात बरबटलेला असतो, फोन वाजतो, नाकाला नेमकी आत्ताच खाज येते.

येऊ द्या.

पीठ पाणी पितंय. तळव्याला कळतं. मघाशी पसरणारं ओलं आता आक्रसतंय, बोटांना घट्ट धरतंय.

श्वास.

आता पुन्हा विचारा. लागेल का? लागलं तर हात ओला करून तेवढंच. ओल्या हातानं जेवढं जाईल, तेवढं.

हा गोळा ताणला जाणार नाही. ज्वारी-बाजरीला कणकेची लवचीकता नसते. ओढलं की तुटतं. एकत्र राहतं ते उडदाच्या चिकटपणामुळे, थोड्याशा गव्हामुळे, आणि तुम्ही दाबलंत म्हणून. हे लाटायचं पीठ नाही. हे थापायचं पीठ आहे. दाबा. सोडा. दाबा. सोडा. श्वास आपोआप त्याच लयीत येईल. आला नाही तरी बिघडत नाही.

कानाच्या पाळीइतका मऊ झाला, की थांबा.

गॅस पेटवा. तवा ठेवा, बिडाचा असेल तर उत्तम. आच बारीक.

एक जुनं सुती फडकं ओलं करा. पिळा. पोळपाटावर पसरा. सुरकुती काढा.

गोळा मधोमध ठेवा.

चारी बोटं पाण्यात बुडवा.

आणि थापा.

मधून बाहेर. मधून बाहेर. बोटांच्या टोकांनी नव्हे, पेरांनी. प्रत्येक थापेला पीठ किंचित सरकतं. कड चिरते. चिरू द्या, मग ओल्या बोटानं मिटवा. पुन्हा चिरते. पुन्हा मिटवा.

खाली बघा. बोटांच्या खुणा उमटल्यायत. लहान लहान खळगे, त्यांत पाण्याची लकाकी. कांद्याचा एक तुकडा वर आलाय. कोथिंबिरीचं पान पिठात अर्धं बुडालंय.

बोट पुन्हा ओलं करा. मधोमध एक भोक पाडा. त्याच्याभोवती चार.

पोळपाट दिसला का त्यातून? फडक्याचा धागा दिसला?

भोकं तेलासाठी असतात, आणि वाफेला वाट म्हणून. आत्ता ती नुसती भोकं आहेत. बघा त्यांच्याकडे.

तव्यावर तेल सोडा. फडकं दोन्ही हातांनी उचला, चार कोपरे धरून, आणि तव्यावर उलटं करा. थालीपीठ खाली, फडकं वर.

चुर्र.

फडक्यावर दोन थेंब पाणी शिंपडा. एक कोपरा धरा. ओढू नका. सोलत या. फडकं सुटतं. सुटताना पिठावर आपली वीण ठेवून जातं. उभे-आडवे बारीक धागे. तापलेल्या वाफेत ते क्षणभर स्पष्ट दिसतात.

बघितले?

भोकांत चमच्यानं तेल सोडा. मधल्यात आधी. तेल कडेनं आत उतरतं आणि बुडबुडे येतात. बारीक, घाईचे. आतलं पाणी बाहेर यायला निघालंय.

झाकण ठेवा.

आता बघायला काही नाही. ऐका.

झाकणाखाली आवाज आहे. एकच वाटतो. कान द्या. एक सतत चालू असलेलं सुर्र, ते तव्याला टेकलेल्या बाजूचं. मधेच एक तुटक चट्. तो झाकणाला लागलेला थेंब, वाफेचा झालेला, खाली तव्यावर पडलेला.

चट्.

थांबा. पुढचा केव्हा येतो?

चट्.

तुम्ही घातलेलं पाणी आहे ते. तळव्यावरून गेलं, पिठात मुरलं, वाफ झालं, झाकणाला लागलं, पुन्हा पाणी झालं. आता पुन्हा तापल्या तव्यावर. तेवढ्यात ज्वारीचा दाणा आतून शिजतोय.

श्वास घ्या. सोडा. झाकण उचलायचा मोह होईल. हात मागे घ्या.

आवाजावर राहा.

जोवर आत पाणी आहे, तोवर सुर्र मोठं. पाणी आहे तोवर खालची बाजू लाल होत नाही. ते गेल्याशिवाय पिठाचं तापमान पुढे सरकत नाही. म्हणून घड्याळाची गरज नाही. आवाज बारीक होत जातो. मोठ्याचा मध्यम, मध्यमाचा बारीक. त्यात एक करकरीतपणा येतो.

ऐकू येतोय का फरक?

नसेल तर अजून थोडं थांबा. जेवण कुठं पळून जात नाही.

आला? आता झाकण काढा. तिरकं उचला, नाहीतर सगळं साचलेलं पाणी थालीपीठावर पडेल. वाफ तोंडावर येते. चेहरा मागे घेऊ नका लगेच. भाजलेल्या धण्यांची वाफ आहे ती.

कडा सुटल्यायत. उलथनं कडेनं घाला. सरळ, तव्याला घासून. उलटा.

खालची बाजू वर आली.

बघा. भोकांच्या भोवती सगळ्यात जास्त खरपूस. मधे सोनेरी. एका जागी किंचित काळपट. फडक्याची वीण आता खाली गेलीय, तव्याला लागलीय. कांद्याचा तो तुकडा, मघाशी वर आलेला, तो पुन्हा वर आलाय, तव्यावर लाल होऊन.

दुसऱ्या बाजूला झाकण नको. थोडं तेल कडेनं. याला फार वेळ लागत नाही.

ताटली घ्या. थालीपीठ तव्यावरून ताटलीत सरकवा. लोण्याचा गोळा असेल तर मधल्या भोकावर ठेवा. तो कलतो, पातळ होतो, आणि भोकातून खाली जातो. लोणी नसेल तर दही. दही नसेल तर कैरीचं लोणचं. काही नसेल तरी बिघडत नाही.

कडेचा एक तुकडा मोडा.

मोडताना ऐका. बाहेर कुरकुरीत, आत नाही. मोडल्या जागेतून वाफेची एक रेघ वर जाते.

तोंडात घाला. चावू नका लगेच. जिभेवर असू द्या.

गरम. मग मीठ. मग ओवा, जरा झोंबरा.

आता चावा. सावकाश. कड कडक आहे, तिला वेळ लागतो. तोंडाला पाणी सुटलंय. त्या पाण्यात तुकडा भिजतो, मऊ होतो, आणि मग कुठे ज्वारी लागते. किंचित गोड. अगदी शेवटी.

ती गेल्यावरच दुसरा तुकडा मोडा.

वास एव्हाना बाहेरच्या खोलीत गेलेला असतो. कुणी तरी विचारतंच, ‘‘काय चाललंय? झालं का?’’

‘‘एक झालंय. ये, गरम आहे तोवर.’’

ताटली पुढे करा. तव्याखालची आच अगदी बारीक करा. फडकं पुन्हा ओलं करा, पिळा, पोळपाटावर पसरा.

परातीतला उरलेला गोळा हातात घ्या. मघापेक्षा सैल लागतोय ना? मीठ लागलं, कांद्यानं पाणी सोडलं. पाकिटाचा चिमटा काढा, चमचाभर कोरडी भाजणी त्याच्यावर भुरभुरवा, आणि थापायला घ्या.